सहा वाजताचा चार्ज

"मांजर दूध पिली, सात वाजून पंचवीस मिनिटं."

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी कणीक मळत होते. खापरखेड्याच्या क्वार्टरांच्या भिंती अशा, की शेजारी फोडणी पडली की इकडे कळायचं आज वांगी आहेत की भेंडी. पलीकडे वामनराव भोयर आणि त्यांची बायको गोपिका राहत. गोपिका आठ दिवस सावनेरला माहेरी राहून नुकतीच बसमधून उतरली होती आणि चप्पल काढता काढता तिने नवऱ्याला एवढंच विचारलं होतं, की घरात दूध आहे काय.

"मले मांजरीचं काहून सांगता?" गोपिका म्हणाली.

"क्रमानं सांगून राहिलो वं. सहा चाळीसले दूध आलं. सहा पन्नासले तापवलं. सात दहाले झाकण ठेवलं."

"झाकण होतं तर मांजर पिली कशी?"

"सात वीसले झाकण काढलं. चहा कराले."

"आवो, माझं डोकं फिरून राहिलं उन्हानं. दूध आहे का नाही, येवढं सांगा."

"तेच सांगून राहिलो. सात पंचवीसले—"

"कवा काय झालं ते तुमच्या रजिस्टरात लिवा! मले आता काय आहे ते सांगा. दुधाचा गंज रिकामा हाय का भरलेला हाय?"

 मी हात थांबवून ऐकत होते, खोटं कशाला बोलू.

"रिकामा," वामनराव म्हणाले.

"मंग असं पहिलेच सांगा ना. मी दारातूनच इंदूकडे गेली असती."

ती आली तोवर मी वाटीभर दूध काढून ठेवलं होतं.

वामनराव पॉवर हाऊसमध्ये कंट्रोल रूमला ऑपरेटर होते. आठ तास खुर्चीवर बसायचं, काटे आणि दिवे बघायचे आणि जे घडेल ते रजिस्टरात इंग्रजीत लिहायचं. किती वाजून किती मिनिटांनी काय झालं, हे. माणूस तसा देखणा नव्हता, पण टापटीप फार. बुशशर्टच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. मनगटावरचं घड्याळ ते रोज रेडिओशी लावून घेत. घरीही बोलायचे ते रजिस्टरासारखंच. माझे यजमान कोळशाच्या बाजूला होते. ते म्हणत, "वामन्याले 'कसा आहेस' म्हणून विचारू नका, पहाटेपासून सुरू करते."

तिथे एक रीत होती, तीही सांगून टाकते. पाळी संपली म्हणून माणूस उठून चालायला लागत नाही. नवीन पाळीवाला येतो, त्याला ते रिलीव्हर म्हणतात. जाणारा त्याला चार्ज देतो, म्हणजे काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर लक्ष ठेवायचं, सगळं तोंडाने सांगतो. येणारा ते ऐकून पुन्हा म्हणून दाखवतो, सही करतो, मग जाणारा खुर्ची सोडतो. रिलीव्हर आलाच नाही तर उठायचं नाही. एका पोळ्याला गावाकडचे सगळे रिलीव्हर बैलांच्या नादात राहिले, तेव्हा वामनराव सलग दोन पाळ्या खुर्चीवर होते. गोपिकेने पुरणपोळीचा डबा पाठवला. तो किती वाजता मिळाला हे त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. गोड झाली होती की नाही, हे सांगायचं राहून गेलं.

पण त्या दुधाच्या भांडणाने त्यांच्या डोक्यात दिवा लागला. हे मला पुढे खूप वर्षांनी त्यांनीच सांगितलं. इंग्रजीत झालेली गोष्ट सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक सिंपल पास्ट. ती वेळेला बांधलेली. सात पंचवीसला मांजर दूध पिली, विषय संपला, मांजर गेली तिच्या घरी. दुसरी प्रेझेंट परफेक्ट. त्यात हॅव नाहीतर हॅज लागतं आणि घड्याळ बघत नाहीत. मांजर दूध पिऊन गेलेली आहे, म्हणजे आता गंज रिकामा आहे, चहा व्हायचा नाही, शेजारी जा.

"मॅट्रिकला गुरुजीनं वळ उठवले हातावर, पण हे डोक्यात नाही घुसलं," ते म्हणायचे. "गोपिकेनं दोन मिनिटात शिकवलं. रजिस्टरात जाते ते पास्ट. चार्जमध्ये जाते ते परफेक्ट."

रिटायर झाल्यावर दोन्ही घरांनी एकाच लेआउटमध्ये शेजारी शेजारी प्लॉट घेतले. या वेळी भिंती जाड बांधल्या. माझे यजमान आधी गेले, मग काही वर्षांनी गोपिका. भोयरांना मूलबाळ नव्हतं. वामनराव सकाळी झाडांना पाणी घालत, वही लिहीत, अन् लेआउटातल्या कोणाचा इंग्रजी कागद अडला की तो वाचून देत. माझ्याजवळ नात होती. वैभवी. तिचे आईबाप, म्हणजे माझा मुलगा आणि सून कामिनी, सावनेरकडे शेती बघतात. पोरगी नर्स झाली, शहरात सदर भागातल्या एका दवाखान्यात लागली, म्हणून माझ्याकडे राहायची.

या पोट्टीने मनात घेतलं आयर्लंडचं. तिथे नर्स पाहिजेत म्हणे, एका दवाखान्याने हिला निवडलंही. अडलं होतं ते इंग्रजीच्या परीक्षेवर. नर्सांची वेगळी परीक्षा असते. त्यात एक पत्र लिहायचं, आपला पेशंट दुसऱ्या नर्सच्या हवाली करताना लिहितात तसं, आणि मग तोंडाने बोलून दाखवायचं. पहिल्या खेपेला पत्रातच आपटली. दवाखान्याने कळवलं, दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, पुढे नाही.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चल भोयरांकडे."

"आजी, मी सदरच्या क्लासला जाऊन राहिली ना! तिथं एसी आहे, प्रोजेक्टर आहे."

"एसीत बसून नापास झाली ना? आता उन्हात बसून पहा."

वामनरावांनी तिचं पत्र डोळ्याजवळ धरून वाचलं. लाल पेन काढलं. बघता बघता कागदाला गोवर आला.

"हे काय लिहिलं वं? पेशंट हॅज व्हॉमिटेड ॲट सिक्स एएम."

"बरोबर आहे ना आबाजी? उलटी झालेली आहे."

"झालेली आहे का सहा वाजता झाली? एक काहीतरी सांग. वेळ लावली की हॅज काढ. वेळ म्हणजे कुलूप आहे. कुलूप लावलं अन् दारही उघडं ठेवलं, असं कोणी करते काय?"

"क्लासमध्ये शब्दांची लिस्ट दिली. येस्टरडे, अगो आलं की पास्ट. जस्ट, ऑलरेडी आलं की परफेक्ट."

"अन् 'आज सकाळी' आलं तर?"

वैभवीने पेनाचं टोपण दातात धरलं.

"आता सव्वासहा वाजले. सकाळ चालू आहे. मी आज सकाळी दोन कप चहा पिलो, हे आता सांगितलं तर हॅव. हेच मी संध्याकाळी चार वाजता सांगितलं, तर सकाळ गेली कामातून, मंग नुसतं पास्ट."

मी पायरीवर बसून मुगवड्या घालत होते. मला राहवेना. "म्हणजे इंग्रज आधी पाहतात सकाळ संपली का नाही, अन् मंग चहाचं बोलतात?"

"बरोबर बोलले इंदूबाई."

"मंग त्यांचा चहा थंड होत असन."

वैभवी दोन दिवसांनी पहिल्यांदा हसली. वामनराव हसले नाहीत. त्यांनी वहीत तारीख टाकली आणि म्हणाले, "उद्यापासून सकाळी सहाले. सहा म्हणजे सहा."

क्लास त्यांच्या वऱ्हांड्यात. मे महिना, आठ वाजले की तिथे पाय ठेववत नसे, म्हणून जे काय ते सात-साडेसातच्या आत. पुस्तक नाही, फळा नाही. त्यांनी वैभवीला एका खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, हा वऱ्हांडा तुझ्या चार्जमध्ये. अर्धा तास पहा. मग मी रिलीव्हर म्हणून येईन, मला चार्ज दे. इंग्रजीत.

पहिल्या दिवशी पोरीने कुत्रा आला, दूधवाला आला, पेपर पडला, सगळं वेळेसकट सांगितलं. वामनरावांनी ऐकून घेतलं आणि गोपिकेसारखाच हात हलवून म्हणाले, "हे रजिस्टर झालं. चार्ज कुठं आहे? कुत्रा आला. मंग? आता आहे का गेला? मी पाय कुठं ठेवू ते सांग."

हळूहळू तिला उमजायला लागलं. नळ आलेला आहे, टाकी भरलेली नाही. फुलं तोडलेली आहेत, देवाला वाहिलेली नाहीत. जे सांगितल्यावर पुढच्या माणसाला काहीतरी करावं लागतं, तिथे हॅव. मग वामनरावांचं समाधान वऱ्हांड्यावर होईना. त्यांना पेशंट पाहिजे होता. तो पायरीवर बसलेलाच होता.

"पेशंट इंदूबाई," वैभवीने सुरू केलं, "वय शहात्तर. बीपी आहे." हे सगळं ती इंग्रजीत म्हणे, मग माझ्यासाठी मराठीत. "पेशंटने काल रात्री साडेआठला अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली."

"पास्ट. छान. पुढं."

"पेशंट हॅज टेकन हर टॅब्लेट."

"पाहिलं तू?"

"तिनं सांगितलं."

"पेशंटनं सांगितलेलं अन् आपण पाहिलेलं वेगळं. पाकीट आण."

मी म्हटलं, "वामनराव, मले गोळी घेतली हे कळत नाही काय?"

पाकीट आलं. गोळ्या मोजल्या. तीन जास्त निघाल्या. वैभवीने डोळे वटारले. तेवढ्यात तिची नजर माझ्या पदराकडे गेली. पदराला तेलाचा पिवळा डाग.

"आजी, लोणचं खाल्लं तू?"

"कवाचं विचारून राहिली?"

"हॅव यू ईटन पिकल?"

"मले इंग्रजी येत नाही, बाप्पा."

वामनरावांनी तेव्हाच वहीत लिहिलं, ते वैभवीने मला नंतर वाचून दाखवलं. पेशंटने तीन दिवस गोळी घेतलेली नाही. पेशंट लोणचं खाऊन बसलेली आहे. पेशंट खोटं बोललेली आहे. तिन्ही ठिकाणी परफेक्ट, कारण म्हणे तिन्ही गोष्टींचं पुढे काहीतरी करायचं बाकी होतं. केलंही. लोणच्याची बरणी भोयरांच्या घरी गेली. इंग्रजी शिकली पोरगी, अन् अळणी खाल्लं मी.

जूनमध्ये एक दिवस वामनराव म्हणाले, "माझ्या जुन्या वह्या काढ. पन्नास वाक्यं पास्टची, पन्नास परफेक्टची शोधून आण." आतल्या खोलीत लोखंडी पेटीत वह्यांची चळत होती, घरच्या वह्या, इंग्रजीत लिहिलेल्या, वर्षावार. वैभवी भराभर पानं उलटत होती आणि खुदुखुदु हसत होती. कूलरला पाणी घातलं, पाच दहा. कूलर बंद पडला, पाच तेवीस. गोपिका रागावली, पाच पंचवीस.

मग तिचा आवाज थांबला. मी दारातून डोकावले. ती वही घेऊन बाहेर आली.

"आबाजी, या पानावर वेळ नाही लिहिली."

त्या पानावर एकच ओळ होती, ती तिने वाचली. गोपिका हॅज गॉन. तारीख होती, घड्याळ नव्हतं. ते वाक्य काय सांगतं हे मला तोवर समजायला लागलं होतं, म्हणून मी वैभवीला डोळ्याने खुणावलं, की गप्प राहा.

"नाही लिहिली," वामनराव म्हणाले. त्यांनी वही हातातून घेतली, मिटली, मांडीवर ठेवली. "पन्नास झाले काय तुझे?"

"एक्केचाळीस."

"मंग नऊ आण."

परीक्षा जुलैच्या शेवटी होती. मी देवाजवळ काय मागावं तेच मला समजेना. पास झाली तर जाणार, नापास झाली तर रडणार. शेवटी मी म्हटलं, देवा, तुला जे बरं वाटेल ते कर, पण पोरीला उपाशी ठेवू नको.

त्या दिवशी ती दुपारी घरी आली ती थेट भोयरांच्या वऱ्हांड्यात. चेहरा उतरलेला. मी पाणी घेऊन गेले.

"पत्र चांगलं गेलं," ती म्हणाली. "बोलण्यात घोळ झाला."

"हॅव लावलं वेळेले?" वामनरावांनी घाबरून विचारलं.

"नाही. समोर एक मॅडम होती. ती एका लहान पोराची आई झाली होती, म्हणजे तसं सोंग. पोराला ताप, आई घाबरलेली. मी समजावून सांगितलं, सगळं नीट. मग घंटा वाजली. मॅडम म्हणाली, थँक्यू, यू मे गो."

"मंग?"

"मी उठलीच नाही."

"काहून?"

"आबाजी, रिलीव्हर नव्हता ना आला!"

वामनरावांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"मी मॅडमला विचारलं, माझ्यानंतर कोण येऊन राहिलं? ती म्हणे, सॉरी? मी म्हटलं, या आईला असं एकटं सोडून कशी जाऊ. तिला वाटलं मला बरं नाही. तिनं दार उघडून पुढच्या पोरीला आत घेतलं. ती कोणी वर्ध्याची होती बिचारी. मी तिला चार्ज दिला."

"कोणाले?"

"त्या वर्ध्याच्या पोरीले. म्हटलं, मुलाला दहा वाजता औषध दिलं. ताप उतरलेला नाही. आईने सकाळपासून काही खाल्लेलं नाही, तिला आधी चहा दे. तिनं मान हलवली. मग मी बाहेर आली. बाहेर आल्यावर मला समजलं मी काय करून बसली ते."

मी वामनरावांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस कपाळावर हात मारणार. ते खुर्चीत मागे टेकले.

"त्या पोरीनं परत म्हणून दाखवलं काय?"

"काय?"

"चार्ज. परत म्हणून दाखवला काय तिनं?"

"नाही. तिनं फक्त मान हलवली."

"मंग चार्ज पुरा नाही झाला," वामनराव म्हणाले. आणि मग हसायला लागले. तीस वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. चष्मा काढावा लागला. वैभवीला आधी राग आला, मग तीही हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही.

निकाल आला तेव्हा ती पास होती. घंटा झाल्यावरचं बोलणं मोजत नाहीत म्हणे. पेढे आणले, सावनेरला फोन झाला, कामिनीने फोनवर दहा मिनिटं नुसते हुंदके दिले. पण तिकडच्या दवाखान्याचा कागद भरून पाठवायचा होता, तो टेबलावर तसाच. आठ दिवस झाले, पंधरा झाले. गणपती बसले, गणपती उठले.

वामनराव एका सकाळी फाटकातून आत आले. "कागद पाठवला काय?"

"नाही."

"काहून?"

वैभवी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आबाजी, तुम्हीच शिकवलं. रिलीव्हर कुठं आहे माझा?"

"कशाचा रिलीव्हर?"

"आजीचा. मी गेली तर हिच्या गोळ्या कोण मोजन? मागच्या महिन्यात न्हाणीत चक्कर आली होती हिले, तुम्हाले सांगितलंही नाही हिनं."

"मी काय बॉयलर आहे काय," मी म्हटलं, "माणूस बसवून ठेवाले?"

"बॉयलर बरा," वामनराव म्हणाले. "बॉयलर लोणचं नाही खात."

मुलाने फोन केला, आई, तू सावनेरला ये. कामिनी चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथे दिवसभर सगळी शेतात. मी तिथे गेले तर एकटी ती एकटीच, वर ओळखीची भिंतही नाही. मी नाही म्हटलं. वैभवी म्हणाली, मग मीही नाही जात. मी चिडले, ती चिडली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सहाला फाटकाची कडी वाजली. वामनराव. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, बगलेत कोरी वही. चपला बाहेर काढल्या, खुर्ची ओढून बसले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, चार्ज द्या."

वैभवीच्या हातात चहाची गाळणी होती. तिने ती ठेवली. पदवीच्या दिवशी उभी होती तशी ताठ उभी राहिली आणि तिने माझा चार्ज दिला. इंग्रजीत, चांगली दहा मिनिटं. मी तिथेच बसलेली, माझ्यावरच चाललेलं, आणि मला निम्म्याच्या वर समजलं. बीपी किती होतं आणि कधी. गोळी कोणती, किती वाजता. डावा गुडघा. न्हाणीत दोरीची चटई टाकलेली आहे. साखर डब्यात खाली लपवलेली असते, तिसऱ्या फळीवर. रात्री एकटी असली की दिवा चालू ठेवून झोपते आणि विचारलं तर नाही म्हणते. हे शेवटचं तिला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं.

वामनरावांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी ते परत म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गोष्ट न चुकता. तिसरी फळीसुद्धा. मग सही केली, वही तिच्यापुढे सरकवली. तिने केली.

"आता उठ," ते म्हणाले. "कागद भर."

दिवाळीच्या आधी ती गेली. विमानतळावर मी रडले नाही, गाडीत रडले. वामनराव पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त काच थोडी खाली केली.

त्यानंतर दोन वर्षं आणि वर दोन महिने हा माणूस रोज सकाळी सहाला आला. थंडीत मफलर गुंडाळून, पावसात छत्री घेऊन. गोळी घेतली काय, दाखवा. झोप लागली काय. न्हाणीत पाय कुठं ठेवला. मी कधी कधी मुद्दाम म्हणायचे, "आज नाही सांगत जा." ते तेही लिहीत. पेशंट बोललेली नाही. मग चहा व्हायचा. मी त्यांना गावातल्या बातम्या सांगायचे. त्यांना बातम्यांत फारसा रस नव्हता, पण किती वाजता घडलं हे विचारून घेत.

रविवारी वैभवीचा फोन यायचा, व्हिडिओवाला. वामनराव वही उघडून तिला आठवड्याचा चार्ज देत. तिकडे राहून पोरीचं इंग्रजी सुधारलं आणि मास्तरांचं उघडं पडलं. "आबाजी, 'हॅज ड्रँक' नाही. हॅज ड्रंक." वामनराव लाल पेन काढून स्वतःच्याच वहीत खूण करत. मला फार बरं वाटायचं ते पाहून. एकदा तिने सांगितलं, तिच्या वॉर्डात पाळी बदलताना आता ती रिलीव्हरकडून चार्ज परत म्हणवून घेते. आधी तिकडच्या नर्सा हसल्या. आता त्यांच्यातल्या दोघी तिघीही तसंच करतात. वामनरावांनी विचारलं, "सही?" ती म्हणाली, "सही कॉम्प्युटरवर असते." त्यांनी पेनाचं टोपण लावलं; ते त्यांना पटलं नव्हतं.

गेल्या पौषात वामनराव गेले. झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले पहाटे कधीतरी, त्यांनाही नेमकी वेळ सांगता आली नाही. बुधवारी सहाला कडी वाजली नाही, म्हणून मी साडेसहाला शाल घेऊन बाहेर पडले. माझी नात तिकडून येऊ शकली नाही. तिने फोनवर मला तीन वेळा विचारलं की तू गोळी घेतलीस का, आणि मी तिन्ही वेळा खरं सांगितलं. आता कामिनी माझ्याकडे राहते. शेत मुलाने बटईने दिलं आहे. तिला सगळं समजावून सांगायला दोन दिवस लागले, तेही मलाच सांगावं लागलं.

आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ते सहाला आले होते. पाकिटात एकच गोळी उरलेली दिसली. "इंदूबाई, ही आजची. उद्याची कुठं आहे?" मी म्हटलं, दुपारी कोणाला तरी आणायला सांगते. ते बसले नाहीत. मफलर कानावरून नीट केला, माझी डॉक्टरची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, पिशवी घेतली आणि चौकातल्या मेडिकलकडे चालत गेले. दुकान उघडायला वेळ होता, ते शटरसमोर उभे राहिले असतील. परत आले तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं. पाकीट माझ्या हातात दिलं, मागे छापलेली मुदतीची तारीख मला वाचून दाखवली. मग उभ्या उभ्याच वहीत लिहिलं, घड्याळ पाहून, सही केली. चहा घेतला, अर्धा कप, बिनसाखरेचा. कप धुऊन पालथा घातला.

"येतो, इंदूबाई."

"या," मी म्हटलं.

फाटकाची कडी त्यांनी बाहेरून लावली आणि ती लागली की नाही हे एकदा ओढून पाहिलं.